नव्या नाटकाला दुसरा प्रयोग हवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

येत्या ५ नोव्हेंबरला मराठी रंगभूमी दिन आहे. त्या दिवशी गावोगावच्या नाट्यगृहांत नटराजाच्या मूर्तीला हार घातला जाईल, नांदी होईल, ज्येष्ठ रंगकर्मींचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार होईल आणि मराठी माणूस नाटकवेडा असल्याची ग्वाही भाषणांतून पुन्हा एकदा दिली जाईल. राज्य शासनाच्या हौशी नाट्यस्पर्धेची प्राथमिक फेरीही साधारण याच दिवसांत निरनिराळ्या केंद्रांवर सुरू होते. हे औचित्य साधून मी आपल्या दैनिकाच्या माध्यमातून एका प्रश्नाकडे लक्ष वेधू इच्छितो. जिल्ह्याच्या आणि तालुक्याच्या गावांत, स्थानिक लेखकाने लिहिलेली आणि स्थानिक कलावंतांनी बसवलेली नवी नाटके आजही रंगमंचावर येतात. परंतु त्यांपैकी बहुतेकांचा शुभारंभाचा प्रयोग हाच अखेरचा प्रयोग ठरतो. स्पर्धेत पहिला-दुसरा क्रमांक आला तर अंतिम फेरीच्या निमित्ताने आणखी एक प्रयोग होतो, एरवी पडदा पडला की नाटक संपले. एवढ्या कष्टाने उभी राहिलेली गोष्ट इतक्या सहजपणे का सोडून दिली जाते, याचा विचार नाट्यसंस्था, नगरपालिका, सांस्कृतिक कार्य संचालनालय आणि वृत्तपत्रे या सर्वांनीच करावा, असे मला वाटते.

ज्यांनी नवे नाटक कधी बसवलेले नाही, त्यांच्यासाठी त्या कष्टांचे स्वरूप थोडे सांगणे आवश्यक आहे. छापील नाटक करायचे ठरले तर पुस्तक हाताशी असते, त्याचे प्रयोग पूर्वी झालेले असतात, कोणत्या जागी हशा येतो आणि कोणता प्रवेश लांबतो हे दहा जणांना ठाऊक असते. नव्या संहितेला असा कोणताच आधार नसतो. पहिल्या वाचनाला लेखक येतो तेव्हा पहिल्या अंकाच्या झेरॉक्स प्रती सर्वांना मिळालेल्या असतात आणि दुसरा अंक अजून वहीतच असतो. मग दिग्दर्शक विचारतो की हे मामाचे पात्र नेमके करते काय. नट म्हणतो की हे वाक्य तोंडात बसत नाही. आणि चार रात्रींच्या चर्चेनंतर मामा नाटकातून जातो, त्याची दोन महत्त्वाची वाक्ये काकूच्या वाट्याला येतात. तालमीला जागा म्हणून शाळेचा एखादा वर्ग मिळतो, तोही संध्याकाळी सातनंतर. बाके भिंतीशी सरकवून फरशीवर खडूने दार, खिडकी आणि जिना आखला जातो. सकाळी वर्ग भरण्यापूर्वी तो पुसायचा आणि रात्री पुन्हा आखायचा. पतपेढीतला कारकून मार्चअखेरमुळे येत नाही, शिक्षकाला निवडणुकीची ड्युटी लागते, नायिकेच्या घरून साडेनऊनंतर थांबायची परवानगी नसते, म्हणून तिचे प्रवेश आधी आणि बाकीचे मागाहून घेतले जातात. दरम्यान संहिता, प्रयोगापूर्वी ती तपासणाऱ्या शासनाच्या रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे पाठवून तिचे प्रमाणपत्र मिळवायचे असते. सुतार, शिंपी, लाइटवाला आणि टेम्पोवाला यांच्याशी घासाघीस करायची असते. हे सारे दोन-अडीच महिने चालते, आणि त्यातून नाटक नावाची एक गोष्ट उभी राहते.

आता यातला हिशेब पाहावा. नव्या नाटकावरचा मोठा खर्च पहिल्याच प्रयोगासाठी होऊन गेलेला असतो. नेपथ्य तयार असते, कपडे शिवलेले असतात, पार्श्वसंगीत ध्वनिमुद्रित झालेले असते, प्रमाणपत्र हाती असते आणि सर्वांत मौल्यवान म्हणजे नाटक सर्वांना पाठ असते. दुसऱ्या प्रयोगाला लागते ते नाट्यगृहाचे भाडे, प्रकाशयोजनेच्या साहित्याचे भाडे, टेम्पो आणि मंडळींचा चहा-नाश्ता. म्हणजे जो प्रयोग सर्वांत स्वस्तात होऊ शकतो, नेमका तोच होत नाही. कोणत्याही व्यवहारी माणसाला हे विचित्र वाटेल; आम्हां हौशी मंडळींना मात्र त्याची इतकी सवय झाली आहे की प्रयोगाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी नेपथ्याचे फ्लॅट, म्हणजे भिंतींसाठी केलेल्या चौकटी, मोडून लाकूड परत करण्यात आम्हांला काहीच वावगे वाटत नाही.

दुसरा प्रयोग केवळ हौसेखातर हवा असे मी म्हणत नाही. नवे नाटक पुरते लिहून होते ते प्रेक्षकांपुढेच, आणि स्पर्धेचा प्रेक्षक हा त्या दृष्टीने पुरेसा नसतो. तेथे सातव्या-आठव्या रांगेत छोटा दिवा लावून परीक्षक बसलेले असतात, इतर संस्थांची मंडळी असतात आणि उरलेले आपलेच नातेवाईक असतात. आमच्या संस्थेने केलेल्या एका नाटकाचे उदाहरण देतो. डोंगरातल्या एका खेड्यात मुक्कामी आलेली एसटी, तिचे चालक-वाहक आणि पहाटेच्या पहिल्या फेरीने गाव सोडून जायला निघालेली एक मुलगी, असे ते नाटक होते. रात्री वाहक मागच्या लांब सीटवर झोपतो, पहाटे गारठा वाढल्यावर मुलगी त्याच्या अंगावर चादर टाकते, आणि उजाडल्यावर रोकड कमी भरल्याने तिच्यावर संशय येतो. स्पर्धेतल्या प्रयोगात वाहकाची रोकडीची बॅग सीटच्या दांड्याला अडकवलेली होती, कारण ती प्रेक्षकांना दिसावी अशी दिग्दर्शकाची इच्छा होती. पुढे सुदैवाने शेजारच्या गावच्या यात्रेत, हायस्कूलच्या ओट्यावर, या नाटकाचा आणखी एक प्रयोग झाला. प्रयोगानंतर एक निवृत्त वाहक रंगपटात आले आणि म्हणाले, ‘‘बाकी झ्याक झालं, पण पोरांनो, कॅशची बॅग दांड्याला टांगून कुठला कंडक्टर झोपतो? ती उशाला असती. आणि वेबिलाचा हिशेब लावल्याबिगर त्याला झोप येत न्हाई.’’

त्यानंतरच्या प्रयोगात आमचा नट बॅटरीच्या उजेडात हिशेब जुळवत बसला आणि बॅग डोक्याखाली घेऊनच आडवा झाला. संवाद एकही बदलला नव्हता. परंतु आता पहाटे चादर टाकायला वाकलेली मुलगी ही त्या रात्री त्याच्या उशापर्यंत गेलेली एकमेव व्यक्ती ठरली, आणि तिने दाखवलेली माया हाच तिच्याविरुद्धचा पुरावा झाला. जो प्रवेश स्पर्धेत केवळ पुढच्या प्रसंगाकडे जाण्याची पायरी होता, तो नाटकाचा कणा झाला. हे कोणत्याही परीक्षकाच्या शेऱ्यातून कळले नसते आणि तालमीतूनही सापडले नसते. आपल्या भागातल्या माणसांविषयी लिहिलेले नाटक त्या माणसांसमोर नेल्यावरच ते कळू शकते. आणि स्थानिक लेखक तालमीला व प्रयोगाला हजर असल्यामुळे, कळलेली गोष्ट पुढच्याच प्रयोगात उतरू शकते. छापील नाटकाच्या बाबतीत ही सोय नसते.

मराठी नाटकाची सुरुवातच मुळी अशा स्थानिक, नव्या नाटकाने झालेली आहे. कर्नाटकातल्या, पौराणिक कथांचे खेळ करणाऱ्या भागवत मंडळींचे प्रयोग पाहून सांगलीचे अधिपती चिंतामणराव अप्पासाहेब पटवर्धन यांनी आपल्या पदरच्या विष्णुदास भावे यांना तसेच काही मराठीत रचायला सांगितले, आणि १८४३ सालच्या ५ नोव्हेंबरला सांगलीत ‘सीता स्वयंवर’ झाले. गावातल्याच माणसाने रचलेले आणि गावातल्याच मंडळींना शिकवून केलेले असे ते नाटक होते. परंतु आपण हा दिवस साजरा करतो तो केवळ त्या एका रात्रीमुळे नव्हे. १८५१ साली अप्पासाहेबांचे निधन झाल्यावर राजाश्रय सुटला, तेव्हा भावे आपली मंडळी घेऊन बाहेर पडले, गावोगाव खेळ करू लागले आणि १८५३ मध्ये त्यांनी मुंबईतही प्रयोग केले. सांगलीच्या राजवाड्यातच हे खेळ थांबले असते, तर आज ५ नोव्हेंबरला आपण कोणता दिवस साजरा केला असता, हा प्रश्न रंगभूमी दिनाच्या वक्त्यांनी एकदा स्वतःला विचारून पाहावा. उलट उदाहरण महात्मा फुले यांचे आहे. त्यांनी १८५५ साली ‘तृतीय रत्न’ हे नाटक लिहून, मराठी ग्रंथांना बक्षिसे देणाऱ्या दक्षिणा प्राइझ कमिटीकडे दिले. कमिटीने ते नाकारले. आणि ते छापील रूपात वाचकांपुढे आले ते थेट १९७९ साली. रंगमंच न मिळालेल्या नाटकाचे काय होते, हे यापेक्षा स्पष्टपणे सांगता येणार नाही.

जवळच्या काळातही हेच दिसते. राज्य नाट्यस्पर्धा १९५४ पासून चालू आहे आणि तिने मराठी रंगभूमीला दिलेले लेखक, नट आणि तंत्रज्ञ यांचे ऋण कोणीही नाकारणार नाही. विजय तेंडुलकरांचे ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ हे १९६७ साली स्पर्धेच्या निमित्तानेच ‘रंगायन’ या नाट्यसंस्थेने उभे केले होते. त्यातली पात्रे एका हौशी नाटकमंडळींचीच आहेत, हा योगही लक्षात घेण्यासारखा आहे. ते नाटक स्पर्धेपुरते राहिले नाही म्हणून आज आपल्याला माहीत आहे. ‘घाशीराम कोतवाल’चा पहिला प्रयोग पुण्याच्या प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशनने १९७२ च्या डिसेंबरात केला, एकोणीस प्रयोगांनंतर संस्थेने ते थांबवले, तेव्हा त्यातल्या कलावंतांनी १९७३ मध्ये ‘थिएटर अ‍ॅकॅडमी’ ही नवी संस्था काढून ते पुन्हा उभे केले, आणि १९८० साली ते युरोपच्या दौऱ्यावर गेले. विसावा प्रयोग व्हावा म्हणून माणसांनी नवी संस्था काढली! आम्ही मात्र दुसऱ्या प्रयोगासाठी साधी सभाही बोलावत नाही.

असे का होते, याची कारणे काही बाहेरची आहेत आणि काही आमच्यातलीच आहेत. बाहेरच्या कारणांत पहिले नाट्यगृहाचे. छोट्या शहरांत नगरपालिकेचे नाट्यगृह बहुधा एकच असते. त्याच्या शनिवार-रविवारच्या तारखा व्यावसायिक नाटके, लावणीचे कार्यक्रम आणि राजकीय मेळावे यांच्याकडे असतात. डिसेंबर-जानेवारीत शाळांची स्नेहसंमेलने असतात. उरलेल्या दिवसांत कधी वातानुकूलन यंत्रणा बंद असते, तर कधी दुरुस्तीचे काम निघालेले असते. भाडे आणि अनामत यांचे दर ठरवताना बाहेरून येणारी व्यावसायिक कंपनी आणि गावातली हौशी संस्था यांत बऱ्याच ठिकाणी पुरेसा फरक केला जात नाही. शिवाय नाट्यगृह आठशे-हजार खुर्च्यांचे असते. नव्या, अपरिचित नाटकाला दीडशे माणसे आली तर ती वास्तविक चांगली संख्या आहे. पण एवढ्या मोठ्या सभागृहात ती विखरून बसली की नटांनाही आपले नाटक पडल्यासारखे वाटते आणि प्रेक्षकांनाही. जेथे नाट्यगृहच नाही, किंवा असलेले बंद आहे, तेथली अवस्था तर सांगायलाच नको. छत्रपती शाहू महाराजांच्या काळात १९१५ साली उभे राहिलेले कोल्हापूरचे संगीतसूर्य केशवराव भोसले नाट्यगृह ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री आगीत जळाले, तेव्हा व्यावसायिक नाटकांचे दौरे दुसऱ्या गावांकडे वळू शकले. तालमीपासून प्रयोगापर्यंत सारे काही त्याच वास्तूच्या भरवशावर करणाऱ्या स्थानिक कलावंतांना तशी पर्यायी जागा कोठून मिळणार होती?

आतली कारणे अधिक अवघड आहेत, आणि ती स्पष्टपणे सांगितली पाहिजेत. आपल्याकडे नाटक लिहिले जाते ते स्पर्धेसाठी, बसवले जाते ते स्पर्धेसाठी आणि त्याचे मोजमापही निकालावरच होते. याचा परिणाम संहितेवर होतो. परीक्षकांना दिसेल असे काहीतरी हवे म्हणून प्रतीके येतात, अकारण अंधार होतो, लाल प्रकाशात कोणीतरी किंचाळते, आणि पहिल्या अंकात सूत्रधार म्हणून आलेला इसम शेवटी मृत्यू असल्याचे निष्पन्न होते. (असे मृत्यू मी इतके पाहिले आहेत की आता सूत्रधाराने काळा झब्बा घातला असला तर मी शेवट आधीच ओळखतो.) अशी नाटके दुसऱ्या प्रयोगाला जगत नाहीत हेही खरे आहे, पण ती तशी लिहिली जातात याचे एक कारण, त्यांना दुसऱ्या प्रयोगाला जगायचे आहे असे लिहिताना कोणाच्या मनातच नसते, हे आहे. पुढच्या महिन्यात हेच नाटक आपल्या पेठेतल्या, आपल्या ओळखीच्या माणसांपुढे तिकीट लावून करायचे आहे, हे लेखकाला आधीपासून माहीत असेल, तर तो वेगळे नाटक लिहील.

तिकीट लावण्याविषयीही एक गैरसमज आहे. गावातल्या माणसांचे नाटक पैसे देऊन कोण पाहणार, असे आम्हीच गृहीत धरतो आणि प्रवेशिका फुकट वाटतो. फुकट प्रवेशिका घेतलेला माणूस पाऊस आला, पाहुणे आले, क्रिकेटचा सामना रंगला, की येत नाही. तिकीट काढलेला माणूस बहुधा येतो. व्यावसायिक नाटकाला जे लोक पाचशे रुपये देतात, त्यांच्याकडे शंभर रुपये मागताना आम्ही संकोचाने बोलतो, हा दोष प्रेक्षकांचा नाही.

पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टी रंगभूमीकडे या बाबतीत आम्ही पश्चिम महाराष्ट्रातल्या मंडळींनी जरा आदराने पाहायला हवे. गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा आणि गोंदिया या जिल्ह्यांत दिवाळीनंतर नाटकांचा हंगाम सुरू होतो. वडसा म्हणजे देसाईगंज हे त्याचे मुख्य ठाणे. तेथे नाट्यमंडळांची कार्यालये उघडतात, गावोगावचे लोक येऊन मंडई (म्हणजे तिकडची जत्रा), शंकरपट (म्हणजे बैलांच्या शर्यती) अशा निमित्तांसाठी नाटक ठरवून जातात, शेतात किंवा मोकळ्या जागेत तात्पुरते नाट्यगृह उभे राहते आणि रात्री उशिरा सुरू झालेले नाटक पहाटेपर्यंत चालते. तेथले लेखक दर हंगामासाठी नवी नाटके लिहितात, आणि तेच नाटक हंगामभर एका गावातून दुसऱ्या गावात जात राहते. त्या रंगभूमीवरचे ज्येष्ठ कलावंत परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली, तेव्हा राज्याच्या इतर भागांतल्या अनेकांनी झाडीपट्टीचे नाव प्रथमच ऐकले असावे. या नाटकांच्या वाङ्मयीन गुणवत्तेवर नाके मुरडणारे पुष्कळ आहेत, आणि सगळीच नाटके उत्तम असतात असा माझाही दावा नाही. तरीही स्थानिक लेखकाच्या नव्या नाटकाला एका हंगामात अनेक गावांचा प्रेक्षक मिळवून देणारी एक चालती व्यवस्था तेथे आहे, आणि ती कोणा एका अनुदानाच्या बळावर नव्हे, तर गावांनी ठरवलेल्या नाटकांच्या मोबदल्यावर आणि तिकिटांवर उभी आहे. आमच्याकडे गुणवत्तेची चर्चा मोठी आणि प्रयोग एक, अशी स्थिती आहे.

जालना जिल्ह्यातल्या जांबसमर्थ या गावच्या मंडळींनी वीज घेण्यासाठी तारांवर टाकल्या जाणाऱ्या आकड्यावर नाटक केले. शेतकऱ्याच्या घरात रोज घडणारी गोष्ट शेतकऱ्यांनीच रंगमंचावर आणली. त्याच गावचे राजकुमार तांगडे यांनी पुढे लिहिलेले ‘शिवाजी अंडरग्राउंड इन भीमनगर मोहल्ला’ राज्यभर गाजले, आणि त्यात काम करणारी मुले मराठवाड्यातल्या खेड्यांतलीच होती. नाशिकचे प्राजक्त देशमुख यांचे ‘संगीत देवबाभळी’ आधी एकांकिका होते; तिच्यावर पुन्हा काम करून त्यांनी दोन अंकी नाटक उभे केले, ते व्यावसायिक रंगमंचावर आले. या दोन्ही उदाहरणांत गुणवत्ता होती हे निर्विवाद आहे. परंतु एकदा केलेल्या कामाकडे परत जाण्याची संधी आणि जिद्दही होती. तशी संधी न मिळालेल्या, तितक्याच चांगल्या किती संहिता आज जिल्ह्याजिल्ह्यांतल्या कपाटांत पडून आहेत, याची मोजदाद कोणाकडेही नाही.

यावर फार मोठ्या योजनेची गरज आहे असे मला वाटत नाही. नगरपालिकांनी आपल्या नाट्यगृहातले मंगळवार-बुधवारसारखे, एरवी रिकामे जाणारे दिवस स्थानिक नव्या नाटकांसाठी राखून ठेवावेत आणि त्या दिवसांना केवळ वीज व सफाईचा खर्च आकारावा. रिकाम्या नाट्यगृहातून पालिकेला काहीच मिळत नाही, त्यापेक्षा हे बरे. त्याला जोडून आदल्या रात्री प्रकाशयोजनेच्या तालमीसाठी रंगमंच द्यावा, कारण सकाळी नेपथ्य लावून रात्री थेट तिसरी घंटा देण्याच्या पद्धतीत नव्या नाटकाचे सर्वाधिक नुकसान होते: स्पॉट कोठे पडणार हे नटाला प्रयोगातच कळते आणि तो अंधारात उभा राहून आपले सर्वांत महत्त्वाचे वाक्य बोलतो.

मोठे नाट्यगृह नसले तरी अडू नये. मुंबईत दादरच्या छबिलदास शाळेच्या सभागृहात १९७४ पासून ‘आविष्कार’ या नाट्यसंस्थेने नाटके केली. त्या जागेला ना धड विंगा होत्या, ना उतरता प्रेक्षागार. तरी एका पिढीचे प्रायोगिक नाटक त्या सभागृहात वाढले. प्रत्येक तालुक्याच्या गावी एखाद्या शाळेचे सभागृह, वाचनालयाचा वरचा मजला किंवा देवळाचा सभामंडप असतोच. सव्वाशे-दीडशे माणसांची अशी एखादी जागा, चार पारलाइट (रंगमंचावरचे झोताचे दिवे) आणि प्रकाश कमी-जास्त करणारा एक डिमर एवढे साहित्य गावातल्या दोन-तीन संस्थांनी मिळून घेतले, तर दर वेळी शहरातून भाड्याने आणायचे साहित्य आणि टेम्पो वाचेल. नेपथ्य मोडून टाकण्याऐवजी ठेवायला गोदामाचा एक कोपरा मिळाला तर निम्मा प्रश्न सुटतो. या कामी बाजार समित्या आणि साखर कारखाने यांनी मनावर घेतले तर अशक्य काहीच नाही. यात्रेच्या ऑर्केस्ट्राला देणगी देणाऱ्यांना हे जड जाऊ नये.

शेजारच्या दोन गावांनी नाटकांची अदलाबदल करावी, हाही साधा मार्ग आहे. आमचे नाटक त्यांच्याकडे, त्यांचे आमच्याकडे. जेवणाची सोय यजमानांची, टेम्पोचा खर्च ज्याचा त्याने करायचा. अशाने दोन्ही गावांना एका हंगामात दोन नवी नाटके पाहायला मिळतील. त्यासाठी संस्थांनी पहिल्या प्रयोगाआधीच दुसऱ्या प्रयोगाची तारीख ठरवली पाहिजे आणि महत्त्वाच्या भूमिकांसाठी पर्यायी नट तयार ठेवला पाहिजे. प्रयोगानंतर ‘बघू, परीक्षा झाल्यावर’ असे म्हटले, की मुलगी लग्न होऊन जाते, मुलगा नोकरीसाठी पुण्याला जातो आणि नाटक राहून जाते, हा आम्हां सर्वांचा अनुभव आहे.

सांस्कृतिक कार्य संचालनालयाकडेही एक विनंती आहे. स्पर्धेत सहभागी होणाऱ्या संस्थेला निर्मिती खर्चापोटी शासनाकडून रक्कम मिळते. नव्या संहितेच्या बाबतीत, स्पर्धेनंतर ठरावीक मुदतीत आपल्याच तालुक्यात आणखी एक सार्वजनिक प्रयोग केल्यास त्या संस्थेला काही जादा रक्कम देण्याची तरतूद व्हावी. पारितोषिकाचा संबंध परीक्षकांच्या गुणांशी असावा. ही रक्कम मात्र प्रयोग झाला एवढ्या एकाच गोष्टीशी बांधलेली असावी. त्यामुळे क्रमांक न मिळालेल्या नाटकालाही लोकांसमोर जाण्याचे कारण मिळेल, आणि कोणते नाटक लोकांना भावते हे परीक्षकांच्या निकालाशी ताडून पाहता येईल. दोन्ही उत्तरे प्रत्येक वेळी सारखी येतील असे मला वाटत नाही.

शेवटी आपल्या दैनिकाविषयी. स्पर्धेचा निकाल लागला की आपण तो आवर्जून छापता. दिग्दर्शन प्रथम, नेपथ्य द्वितीय, अभिनयाची रौप्यपदके आणि उत्तेजनार्थ अशी सर्वांची नावे त्यात असतात. ती कात्रणे आम्ही जपूनही ठेवतो. परंतु ज्या नाटकाला पहिले पारितोषिक मिळाले ते कशाविषयी होते, त्यात काय साधले आणि काय फसले, याविषयी त्या बातमीत एक ओळही नसते. मुंबई-पुण्यातल्या नव्या व्यावसायिक नाटकाचे सविस्तर परीक्षण आपल्या रविवारच्या पुरवणीत येते, आणि ते मी न चुकता वाचतो. त्याच पानावर दर आठवड्याला, निदान स्पर्धेच्या काळात, जिल्ह्यातल्या एखाद्या नव्या नाटकाचे दीड-दोनशे शब्दांचे परीक्षण यावे. ते प्रतिकूल असले तरी चालेल. कौतुकाच्या दोन ओळींपेक्षा कोणीतरी नाटक लक्ष देऊन पाहिले आणि अमुक प्रवेश पटला नाही असे लिहिले, याचा लेखकाला जास्त उपयोग होतो. त्याच्या शेवटी पुढील प्रयोगाची तारीख, स्थळ आणि वेळ छापावी. ती जागा छापायला रिकामी राहू नये म्हणून तरी आमच्यासारख्या संस्था पुढचा प्रयोग लावतील. आपला वार्ताहर निकालाच्या दिवशी केंद्रावर येतोच. यंदा तो एखाद्या प्रयोगाच्या रात्रीही यावा, आणि दुसऱ्या अंकापर्यंत थांबावा, एवढी विनंती करून हे पत्र पुरे करतो.

आपला विश्वासू,
एक हौशी नाट्यलेखक
(जि. सातारा)